मुलगा मोठा होत असताना

घरचा कर्ता पुरुष गेला की त्या घरी एक दृश्य हमखास दिसते. आतल्या खोलीत बायका मोकळेपणी रडत असतात. बाहेर पडवीत पुरुषमंडळी माना खाली घालून बसलेली असतात. त्यांच्यामध्ये डोक्यावर टोपी घातलेला दहा-बारा वर्षांचा एक मुलगा भिंतीला पाठ लावून उभा असतो. येणारा प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि एकच वाक्य बोलतो, "रडायचं नाही हं बाळा, आता तूच घरचा मोठा."

हे वाक्य मीही बोललो आहे. मुलगा माझ्या सातवीच्या वर्गातला. वडील बोटीवर खलाशी होते, ते तिकडेच वारले; मय्यतसुद्धा गावी आली नाही. मुलगा रडला नाही आणि आम्ही सर्वांनी त्याचे कौतुक केले. चार दिवसांनी तो वर्गात येऊन बसला. पुढे पुढे मात्र तो बोलेनासा झाला. कोणी विचारले तर "काही नाही, सर," एवढेच उत्तर. वार्षिक परीक्षेच्या आधी त्याने शाळा सोडली. त्याच्या मनात काय चालले होते हे आम्हांला कळले नाही, कारण मुलग्याला तसे विचारण्याची आपल्याकडे रीतच नव्हती.

ही रीत आली कोठून? वडीलधाऱ्यांना विचारले तर ते 'सब्र' या शब्दाकडे बोट दाखवतात. मर्दाने सब्र करावा, डोळ्यांतून पाणी काढू नये, हीच दीनची शिकवण, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. मी इतिहास शिकवीत असे, म्हणून या समजुतीचा माग काढीत मागे मागे गेलो. जे हाती लागले ते पालकांपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहे.

सुरुवात अर्थातच मदिनेपासून केली पाहिजे. हिजरी सन १० मध्ये, म्हणजे इसवी सन ६३२ च्या जानेवारीत, पैगंबर महंमद (स.) यांचा मुलगा इब्राहीम आजारी पडला. वय जेमतेम दीड वर्ष. हे मूल दुधासाठी शहराच्या कडेला एका लोहाराच्या घरी ठेवलेले होते. भात्याच्या धुराने ते घर भरलेले असे. पैगंबरसाहेब तेथे चालत जात, त्या धुरात शिरून मुलाला उचलून घेत, त्याचा मुका घेत आणि परत येत. हे आपल्याला हजरत अनस यांनी सांगितले आहे. शेवटच्या घटकेला इब्राहीम त्यांच्याच हातांत होता आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. जवळ उभे असलेले अब्दुर्रहमान बिन औफ चकित झाले आणि आपणसुद्धा रडता, असे त्यांनी विचारले. उत्तर मिळाले त्याचा आशय असा, की ही रहमत आहे. डोळे पाणावतात, मन दुःखी होते, मात्र जिभेवर असे काही येणार नाही की ज्याने अल्लाह नाराज होईल.

सब्राची व्याख्याच येथे होऊन गेली आहे. बंधन आहे ते अल्लाहविषयी तक्रारीचा शब्द काढण्यावर आणि अंगावरचे कपडे फाडून आक्रोश करण्यावर. डोळ्यांतील पाण्यावर ते नाही. आपण मात्र त्यातले डोळे तेवढे धरून ठेवले आणि मुलग्याचे अश्रू बंद करून टाकले. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले होते. इब्राहीमच्या दुःखाने सूर्य काळवंडला, असे लोक बोलू लागले. त्यांना पैगंबरसाहेबांनी ताबडतोब सांगितले की सूर्य-चंद्राला कोणाच्या मरणाने किंवा जन्माने ग्रहण लागत नाही. डोळे भरलेले असतानाही त्यांची बुद्धी किती स्थिर होती ते पाहावे. रडणारा पुरुष दुबळा होतो असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर वाचावा.

दुसरा प्रसंग अनेकांना ठाऊक आहे. तमीम टोळीचे सरदार अकरा बिन हाबिस आले होते. त्यांच्यासमोर पैगंबरसाहेबांनी नातू हसन यांचा मुका घेतला. मला दहा मुले आहेत, एकाचाही मुका मी आजवर घेतलेला नाही, असे सरदार अभिमानाने म्हणाले. त्यावर, जो दया करीत नाही त्याच्यावर दया केली जात नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. अकरा यांचे बोलणे मला महत्त्वाचे वाटते ते एवढ्यासाठी, की मुलांना जवळ न घेणे ही वाळवंटी टोळीची जुनी चाल होती. म्हणजे जी गोष्ट आपण दीनची समजून चालतो, ती दीन येण्यापूर्वीची आहे!

आता हजरत अनस यांच्याविषयी. ते दहा वर्षांचे असताना आई उम्मे सुलैम यांनी त्यांना पैगंबरसाहेबांच्या सेवेला दिले. जन्मदाते वडील हयात नव्हते. दहा वर्षे त्यांनी सेवा केली. त्या काळात आपल्याला एकदाही 'उफ्' म्हटले गेले नाही, किंवा हे का केलेस आणि ते का केले नाहीस, असे विचारले गेले नाही, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. एकदा त्यांना कामासाठी पाठविले. वाटेत बाजारात मुले खेळत होती. काम राहिले बाजूला आणि अनस खेळ पाहत उभे राहिले. थोड्या वेळाने मागून कोणीतरी त्यांची मान धरली. वळून पाहतात तो पैगंबरसाहेब, आणि ते हसत होते. अनस यांना लाडाने 'उनैस' म्हणून हाक मारीत त्यांनी विचारले, सांगितले होते तेथे जाऊन आलास का? अनस म्हणाले, आता जातो. प्रसंग एवढाच. आपल्यापैकी किती जणांनी मुलाला वाण्याकडे पाठवून, उशीर झाला म्हणून दारातच मारले असेल!

अनस यांचा धाकटा भाऊ अबू उमैर. त्याने चिमणीएवढे एक पाखरू पाळले होते, ते मेले. मूल उदास बसले होते. पैगंबरसाहेब त्या घरी आले तेव्हा त्यांनी मुलाशी त्या पाखराची गोष्ट काढली, तीही यमक जुळवून, म्हणजे दुःखही विचारले गेले आणि मुलाला हसूही यावे. एका पाखराच्या मरणाची ही विचारपूस मुस्लिम विद्वानांना इतकी मोलाची वाटली, की हिजरी चौथ्या शतकात तबरिस्तानचे शाफिई पंडित इब्नुल कास्स यांनी एवढ्याशा हदीसवर स्वतंत्र पुस्तिका लिहून तिच्यातून साठ बोध काढले. मुलाचे पाखरू मेले तर त्यात काय एवढे, असे म्हणणारा विद्वान त्या काळी मागासलेला ठरला असता.

पुढची काही शतके ओलांडून बगदादला येऊ. इमाम गझाली यांचा जन्म १०५८ साली खुरासानात तूस येथे झाला. ते आणि त्यांचे भाऊ अहमद लहान असतानाच वडील वारले. वडिलांनी दोघांना एका सूफी मित्राच्या हवाली केले होते. ठेवलेले पैसे संपले, तेव्हा त्या मित्राने मुलांना मदरशात जाण्यास सांगितले, कारण तेथे निदान पोटाला मिळत असे. हा पोरका मुलगा पुढे १०९१ मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक झाला.

त्यांच्या 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात मुलांच्या संगोपनावर एक प्रकरण आहे. मकतबातून परतल्यावर मुलाला मनसोक्त खेळू द्यावे, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. खेळ बंद करून सतत अभ्यास लादला तर मुलाचे मन मरते, बुद्धी मंदावते, जगणे कडू होते आणि मग तो शिक्षणातूनच पळ काढण्याच्या युक्त्या शोधू लागतो, हा त्यांचा इशारा आहे. मुलाने एखादी चूक लपवून केली तर एखाद्या वेळी डोळेझाक करावी, चारचौघांत त्याला उघडे पाडू नये, सारखे बोलत राहिले की बोलण्याचा परिणाम जातो, असेही ते सांगतात. शिकवणी वर्गांच्या आजच्या जमान्यात ही पाने दिवाणखान्यात लावून ठेवावीत अशी आहेत.

पण प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की त्याच पानावर दुसरीही एक गोष्ट आहे. शिक्षकाने मारले तर मुलाने आरडाओरडा करू नये, सोसावे. सोसणे हे शूर पुरुषांचे लक्षण आणि ओरडणे हे गुलामांचे व बायकांचे, असे मुलाला सांगावे, हेही गझालींनीच लिहिले आहे आणि त्याला लागूनच खेळण्याची परवानगी आली आहे. थोर माणूससुद्धा आपल्या काळाचे काही ना काही अंगावर वागवीत असतो. मला तर वाटते की आपण गझालींचे हे एक वाक्य पिढ्यान् पिढ्या जपले आणि त्याच्या शेजारची दहा वाक्ये विसरलो.

मौज अशी की, ज्यांनी सोसण्याचा हा उपदेश केला त्यांच्यावरच एक दिवस असा आला की सोसवेना. १०९५ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तीनशे विद्यार्थ्यांपुढे शिकविणाऱ्या गझालींची जीभच चालेनाशी झाली. वर्गात बसत, पण तोंडातून शब्द फुटत नसे. अन्न पचेना, पाण्याचा घोट उतरेना. हकीमांनी तपासले आणि सांगितले की हा विकार मनात उत्पन्न होऊन शरीरात उतरला आहे. मनाचा घोर हटल्याशिवाय औषध लागू पडणार नाही. नऊशे वर्षांपूर्वीचे हे निदान! गझालींनी ते लपविले नाही. पुढे 'अल्-मुन्किझ' या आत्मकथनात हे सर्व आपल्या हाताने लिहून ठेवले. बगदादचा सर्वांत नामवंत अध्यापक आपले मन मोडल्याची कबुली देतो आणि त्यामुळे त्याची इज्जत तसूभरही कमी होत नाही, ही गोष्ट आपल्या तरुण मुलांना कोणीतरी सांगावयास हवी.

शिस्तीच्या प्रश्नावर सर्वांत खोल विचार केला तो इब्न खल्दून यांनी. जन्म १३३२, ट्युनिस. सतरा वर्षांचे असताना १३४८-४९ च्या प्लेगच्या साथीत आईवडील दोघेही गेले. १३७७ साली पूर्ण केलेल्या 'मुकद्दमा' या ग्रंथात त्यांनी एक संपूर्ण प्रकरण विद्यार्थ्यांवरील कठोरपणाच्या दुष्परिणामांना दिले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: धाकदपटशाने वाढविलेल्या मुलाचा उत्साह मावळतो, तो आळशी बनतो. मार चुकविण्यासाठी खोटे बोलतो, आत एक आणि बाहेर एक दाखवू लागतो. हळूहळू तीच त्याची सवय होते, आणि पुढे स्वतःच्या घराचे व अब्रूचे रक्षण करण्याचे बळही त्याच्यात उरत नाही. जे मुलाचे, तेच जुलमाखाली दबलेल्या समाजाचे, हेही ते दाखवून देतात.

म्हणजे ज्या मारामुळे मुलगा मर्द होईल असे आपण समजतो, त्याच मारामुळे त्याची मर्दानगी नाहीशी होते, असे इतिहासशास्त्राचा हा जनक सांगतो आहे. खलिफा हारून रशीद यांनी राजपुत्र अमीनच्या शिक्षकाला दिलेल्या सूचनाही त्यांनी दिल्या आहेत: एक क्षणही वाया जाऊ देऊ नका, पण मुलाला दुःखी करून त्याचे मन मारू नका, आधी जवळीक आणि नरमाई, ती चालली नाही तरच कडक व्हा. (हा अमीन पुढे भावाशी झालेल्या युद्धात ८१३ साली मारला गेला. उत्तम सूचना दिल्या म्हणजे सर्व साधतेच असे नाही.) आपल्या देशात शाळेतील शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर बंदी घालणारे कलम १७ आले ते २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात. 'मुकद्दमा'नंतर ६३२ वर्षांनी!

इब्न खल्दून यांच्याबद्दल आणखी थोडेसे. १३८४ मध्ये ते कैरोत काझी असताना ट्युनिसहून त्यांच्याकडे निघालेली त्यांची पत्नी व मुले जहाज फुटून बुडाली. हे दुःख त्यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे. राज्ये का उदयाला येतात आणि का लयाला जातात हे थंड डोक्याने मांडणारा माणूस आपण खचलो हे लिहावयास लाजला नाही.

आता आपल्या देशाकडे. मुलाचे मन जपणे म्हणजे त्याला मोकाट सोडणे, असा कोणाचा समज झाला असेल तर त्यासाठी सर सय्यद अहमद खान यांच्या आईची गोष्ट ऐकावी. जन्म १८१७, दिल्ली. आई अझीझुन्निसा बेगम. सय्यद अकरा-बारा वर्षांचे असताना त्यांनी घरच्या एका म्हाताऱ्या नोकराला थप्पड मारली. आईने मुलावर हात उगारला नाही. असा मुलगा या घरात राहण्याच्या लायकीचा नाही, असे म्हणून तिने त्याला घराबाहेर काढले. एका मोलकरणीने हात धरून रस्त्यावर आणून सोडले. मावशीच्या घरची दुसरी मोलकरीण येऊन त्याला घेऊन गेली. मावशीने तीन दिवस लपवून ठेवले आणि मग माफीसाठी बहिणीकडे आणले. आईची अट एकच होती: माफी माझी मागायची नाही, त्या नोकराची मागायची. सय्यदांनी नोकरापुढे हात जोडले, तेव्हा घराचे दार उघडले. उतारवयात, १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या 'सीरते फरीदिया'त सर सय्यद यांनी आईची ही आठवण आदराने सांगितली आहे.

मुलग्याला राग येतो. त्याला बहुधा रागाचीच भाषा ठाऊक असते, कारण बाकीच्या भाषा आपण बंद केलेल्या असतात. त्या आईने रागाला हद्द घालून दिली, पण मुलाला वाळीत टाकले नाही. आणि मावशीही विसरू नये. आईबापांचा रोष झाला तर धाव घ्यावी असे दुसरे एखादे घर प्रत्येक मुलाला असावे. पूर्वी आपल्या मोहल्ल्यांत ते असे. आता फ्लॅटच्या बंद दारांमागे ते कोठे शोधावे?

डॉ. झाकिर हुसेन यांना लोक राष्ट्रपती म्हणून ओळखतात. मला ते आठवतात ते मुलांचे शिक्षक म्हणून. ते दहा वर्षांचे असताना १९०७ मध्ये वडील गेले. पुढे इटाव्याच्या वसतिगृहात शिकत असताना, १९११ साली, गावी प्लेगने आई गेली. या मुलाने पुढे १९२६ मध्ये जामिया मिल्लियाची धुरा घेतली, तेव्हा तेथील लहान मुलांच्या शाळेकडे आणि वसतिगृहाकडे ज्या बारकाईने लक्ष पुरविले, त्याचे मला नवल वाटत नाही. बर्लिनमध्ये ओळख झालेल्या गेर्डा फिलिप्सबोर्न या ज्यू बाई जामियात आल्या आणि घरापासून दूर राहणाऱ्या मुलांच्या 'आपाजान' झाल्या. १९४३ साली त्या वारल्या; जामियाच्याच कबरस्तानात त्यांची कबर आहे.

जामियातील एक हकीकत वारंवार सांगितली जाते. प्राथमिक शाळेच्या समारंभात झाकिरसाहेब मुलांना मिठाई वाटत होते. त्यांची छोटी मुलगी रेहाना घरी आजारी होती. ती गेल्याचा निरोप कोणीतरी कानात सांगितला. चेहरा पांढरा पडला, पण वाटप त्यांनी थांबविले नाही. मुले आनंदात होती, तो आनंद मोडावासा वाटला नाही, असे त्यांनी मागाहून सांगितले. आपले वक्ते ही गोष्ट येथेच संपवितात आणि टाळ्या घेतात. पुढचा भाग ते सांगत नाहीत. त्यानंतर कित्येक दिवस सकाळी त्यांची उशी ओली असे, असे त्यांच्या घरून सांगितले गेले.

आपल्या कोकणातील मुस्लिम घरांना ही ओली उशी चांगली ठाऊक आहे. रत्नागिरी-रायगडचे आपले लोक पिढ्यान् पिढ्या बोटीवर गेले, आफ्रिकेला गेले, १९७० नंतर आखाती देशांत गेले. पैसा आला, घरे पक्की झाली, शाळा उभ्या राहिल्या. या देणगीचे ऋण मोठे आहे. पण दोन वर्षांतून दोन महिने घरी येणारा बाप आणि वाढत्या वयाचा मुलगा यांचे बोलणे काय होते, ते मी वर्षानुवर्षे ऐकले आहे. मार्क किती पडले, नमाज होते का, आईला त्रास देत नाहीस ना. आता व्हिडिओ कॉल आले, तरी प्रश्न तेच. मुलगाही 'हो' म्हणतो आणि फोन आईकडे देतो. तिकडे खोलीत आठ जणांत राहणारा बाप आपल्याला काय वाटते ते बोलत नाही, आणि इकडे मुलगा तेच शिकत असतो. २०२२ साली आपल्या देशात १,७०,९२४ आत्महत्यांची सरकारी नोंद झाली. त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. सोसणे हे पुरुषांचे लक्षण म्हणणाऱ्यांनी हा आकडाही पाहावा.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाला मी पुन्हा भेटलो नाही. मुंबईला कोठे कामाला लागला एवढेच कळले. त्यानंतर काही वर्षांनी वर्गातल्या आणखी एका मुलाचे वडील वारले. मी जियारतीच्या दिवशी गेलो. मुलगा मागच्या ओट्यावर एकटाच बसला होता. या खेपेला मी काही बोललो नाही, नुसता त्याच्याजवळ जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने त्याने माझ्या सदऱ्यात तोंड खुपसले आणि तो हमसून हमसून रडला. मग डोळे पुसून त्याने विचारले, "सर, सोमवारी भूमितीची वही आणावी लागेल का?"

मी म्हणालो, "नाही. तू नुसता ये."